पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन टाकावं का?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका शेतकरी भावाकडे २०११ची पेट्रोल स्विफ्ट आहे. घरी ट्रॅक्टर, त्यामुळे डिझेलची कॅन कायम भरलेली. पेट्रोलसाठी मात्र गाडी पंपावर न्यावी लागते आणि पेट्रोल महागही पडतं. एका मिस्त्रीने त्यांना सांगितलं, "हेच मॉडेल डिझेलमध्येही येत होतं. त्याचं इंजिन नागपूरच्या कबाड्याकडून आणतो आणि एक लाख वीस हजारात बसवून देतो." भावाने पाच हजार इसारही दिलाय. आता विचारतात, करावं का?

नका करू, भाऊ.

नुसतं "नको" म्हणून मात्र तुमचं समाधान व्हायचं नाही, कारण तुमच्याच गावात कुणीतरी म्हणेल, "आमच्या बाबांनी जीपला डिझेल इंजिन टाकलं होतं, वीस वर्षं चालली." ते खोटं नाही. तसल्या जीपा मीही केल्यात. आर्णी रोडला माझं गॅरेज आहे आणि तीसेक वर्षांपूर्वी वस्तादांच्या हाताखाली शिकलो तेव्हा आमचा अर्धा धंदा हाच होता. म्हणून तेव्हा ते का जमलं, इथून सुरुवात करतो.

महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप मूळची पेट्रोलची. २.२ लिटरचं हरिकेन इंजिन, लिटरला सात-आठ किलोमीटर. माणसं भरली, मागे ट्रॉली लावली की त्याहून कमी. त्या काळात डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहून स्वस्त होतं. जीप दिवसभर चालायची. सकाळी कापूस वेचायला बाया न्यायच्या, दुपारी जिनिंग कारखान्यात कापसाची गाठोडी, संध्याकाळी लग्नाचं वऱ्हाड. डिझेल इंजिन टाकलं की तीच जीप बारा-तेराचं ॲव्हरेज द्यायची. म्हणजे किलोमीटरमागचा खर्च सरळ तिसऱ्या हिश्श्यावर यायचा. टाकलेले पैसे एक-दोन हंगामांत वसूल.

दुसरं म्हणजे इंजिन कुठलं? महिंद्राच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं. त्याचा पिस्टन, लायनर, गॅस्केट दारव्ह्यालाही मिळायचं आणि आर्णीलाही. ते नाही तर प्यूजोचं एक्सडीपी, किंवा मॅटाडोरचं, म्हणजे मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन. या सगळ्यांत वायरिंग म्हणून एकच तार: बंद करायला दांडी ओढा नाहीतर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लावा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जीपची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, बॉडीपासून सुटी, बॉनेटखाली जागा एवढी की इंजिनच्या बाजूला उभं राहून पाना फिरवता यायचा. फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिनला चेसिसवर धरून ठेवणाऱ्या, पट्ट्या वेल्डिंगवाला समोर बसून बनवून द्यायचा.

तरीही ते काम "इंजिन उचललं, ठेवलं" असं कधीच नव्हतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबायचे. एक-दोन पट्ट्या वाढवाव्या लागायच्या. रेडिएटर मोठा लागायचा. क्लच बदलायचा. आणि ज्याच्यावर लोकांची भांडणं व्हायची ती गोष्ट म्हणजे मागचा डिफरेन्शियल, चाकं फिरवणारा गियरचा डबा. सीजे-३बीच्या डिफरेन्शियलमधली गियरची जोडी, क्राउन-पिनियन, ८ बाय ४३ दातांची, म्हणजे ५.३८ची रेशो: टॉप गियरला चाकाच्या एका फेरीमागे इंजिनच्या ५.३८ फेऱ्या. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांना फिरतं, त्याला ती रेशो चालते. डिझेल तीन हजारांच्या आसपास थांबतं. मग हिशोब करा: टॉप गियरला सत्तरच्या थोडं पुढे गेलं की इंजिन बोंबलायला लागतं. गिऱ्हाईक यायचं, "वस्ताद, इंजिन कमजोर टाकलं तुमी." इंजिन कमजोर नव्हतं, रेशो डिझेलची नव्हती. क्राउन-पिनियन बदलायचे पैसे मात्र कुणी द्यायला तयार नसायचं.

आता एक गैरसमज आधीच काढून टाकतो. काही जण विचारतात, "आहे त्याच पेट्रोल इंजिनला डिझेलवर चालवता नाही येत का? हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, बदला, पंप लावा." नाही येत. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण दहा पटीच्या आसपास दाबतं आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा सतरा-अठरा पट दाबायची, जुन्या इंजिनांत तर वीसच्या पुढे. ती इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. ती ठोकर पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, हेडचे बोल्ट सगळ्यांवर बसते. पेट्रोलचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य अंग, त्या माराला बनलेलाच नसतो. हा धडा मोठमोठ्या कंपन्यांनीही पैसे मोजून घेतलाय. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७८मध्ये ओल्ड्समोबिलमध्ये ५.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. ब्लॉक जाड केला होता, पण हेडबोल्टची मांडणी पेट्रोल इंजिनचीच ठेवली, कारण कारखान्यातली यंत्रं तीच वापरायची होती. शिवाय डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर दिला नाही. हेड गॅस्केट उडायला लागले, पंप गंजले, आणि १९८५मध्ये ते इंजिन बंद करावं लागलं. उलट टाटा इंडिकाची १४०५ सीसीची पेट्रोल आणि डिझेल इंजिनं जवळची भावंडं होती, पण ती कारखान्यात तशी बनवलेली. गल्लीतल्या लेथवर ते होत नाही.

तेव्हा तुमचा मिस्त्री म्हणतो तोच एक मार्ग उरतो: पूर्ण इंजिन बदलायचं. तुमच्या मॉडेलला १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन येत होतं हे त्याचं बरोबर आहे. पण "तीच गाडी" हे बरोबर नाही. बाहेरून पत्रा तोच, आत वेगळी गाडी आहे.

यादी वाचून दाखवतो आणि मग एका गोष्टीवर थांबतो. इंजिनबरोबर गिअरबॉक्स लागेल, कारण डिझेलचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तुमचा गिअरबॉक्स फार दिवस सोसणार नाही. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट लागतील. फाउंडेशन वेगळे. पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या. रेडिएटर, सायलेन्सर, बॅटरी, सेल्फ. टाकीतला पंप पेट्रोलचा आहे, तो चालणार नाही. डिझेलला परतीची लाइन लागते, पाणी वेगळं करणारा फिल्टर लागतो. मग इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं चावीचं इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही ते), ॲक्सिलरेटरचं पॅडल, मीटर, आणि बॉनेटपासून डॅशबोर्डपर्यंतची अख्खी वायरिंग. पेट्रोलच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत, दाब तीन-चार बारचा असतो. या डिझेलच्या कॉमन रेलमध्ये तो हजाराच्या वर जातो. त्या नळीचा नट चिंधी गुंडाळून घट्ट करायचा नसतो. तसं करणारे मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

आता ज्या गोष्टीवर थांबायचं होतं ती. ब्रेक.

साधारण २००३ची गोष्ट, चूक माझीच. एका गिऱ्हाइकाची पेट्रोल कार होती, त्याने जुनं डिझेल इंजिन स्वतःच आणून ठेवलं गॅरेजमध्ये. आणलं ते नंगं, वरचं सामान नसलेलं. बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर नव्हता. त्याला पैसे वाचवायचे होते, मलाही काम संपवायचं होतं. मी गाडीचा जुनाच आल्टरनेटर पट्टी बनवून बसवला. चार्जिंग उत्तम. सेल्फ मारला, एका दमात इंजिन चालू. धूर नाही, आवाज गोड. पोट्टे टाळ्या वाजवायला लागले. गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन निघालं, मी बाजूला बसलो. गॅरेजच्या आवारात ब्रेक लागला, कारण पॅडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, उरला होता. रोडवर चौकाजवळ पहिला ब्रेक लागला, दुसरा अर्धा लागला आणि तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा पांढरा पडला. "ब्रेकच नाही लागून रायला न भाऊ! दगडावानी झालं पॅडल!" मी हँडब्रेक ओढला. गाडी संत्र्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली.

झालं असं होतं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अर्धी बंद असते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. त्या काळच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलच नाही, हवा मोकळी आत जाते, व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्या इंजिनात तो बसवलेला असतो आल्टरनेटरच्या पाठीमागे, एकाच शाफ्टवर. मी ज्या आल्टरनेटरचे पैसे वाचवले, त्याच्यासोबत ब्रेकचा जीव गेला होता. दुसऱ्या दिवशी पंपवाला आल्टरनेटर आणून बसवला, माझ्या पैशाने. पण त्या दिवसापासून कुणी "इंजिन बसवून देतो" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, "व्हॅक्यूम कुठून घेणार?" तुमच्या मिस्त्रीलाही हाच प्रश्न विचारून पाहा. उत्तर द्यायला वेळ लागला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

समजा मिस्त्री हुशार आहे आणि त्याने गाडी नीट बनवली. पुढे कागद आहेत, आणि खरं सांगायचं तर मला आता सगळ्यात जास्त भीती कागदांचीच वाटते. जीपच्या काळात पासिंगला हे कसंतरी निभावायचं. आता मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ स्पष्ट आहे: आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी मालकाने करायची नाही. इंधन बदलायची वाट कायद्याने ठेवलीय, पण ती मंजूर किटमधून, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्यासाठी. आणि बदल झाल्यावर आरसीवर नोंद करून घ्यायची. पेट्रोलची डिझेल करायचं असं मंजूर किट कुठलाही मिस्त्री तुम्हाला दाखवू शकणार नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड मालकाला आहे, हे लक्षात ठेवा.

दंड एक वेळ सोडा. पीयूसीचं काय करणार? पीयूसीवाला गाडीचा नंबर टाकतो, स्क्रीनवर "पेट्रोल" येतं. पेट्रोलची तपासणी कार्बन मोनॉक्साइडची, डिझेलची तपासणी धुराच्या काळेपणाची. तुमच्या गाडीची तपासणी तो कुठल्या खात्यात करणार? आणि तुमची गाडी २०११ची, म्हणजे २०२६मध्ये पंधरा वर्षं भरतात. पुन्हा नोंदणीला आरटीओत गाडी उभी करावी लागेल, पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर. तिथे इन्स्पेक्टर बॉनेट उघडून इंजिन नंबर पाहतो. वेगळा निघाला तर गाडी तिथेच अडकली. विम्याचं तर बोलूच नका. वणी-यवतमाळ रोडवर कोळशाच्या ट्रकांमध्ये रात्री काही झालं, सर्व्हेअरने इंजिन नंबर पाहिला की क्लेम गेला. समोरच्या माणसाची भरपाईही तुमच्या शेतावर येऊ शकते.

आता पैशाचा हिशोब. तुम्ही लिहिलंय, महिन्याला सहा-सातशे किलोमीटर. यवतमाळला आठवड्यातून दोनदा, कधी नागपूर. वर्षाला आठ हजार धरू. पेट्रोल १०५, डिझेल ९२ धरू. तुमची गाडी ठाकठीक असताना आपल्या रोडवर सोळा देते असं धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल वीस देईल, म्हणजे चार रुपये साठ पैसे. वाचले सुमारे दोन रुपये. वर्षाला सोळा हजार. त्यातून डिझेलचा जादा खर्च काढा: ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर महाग, इंजेक्टरचं काम निघालं की यवतमाळला होत नाही, नागपूर गाठावं लागतं. वर्षाला पाच हजार म्हणजे मी कमीच धरतोय. हातात उरले अकरा हजार. मिस्त्रीचे एक लाख वीस हजार हे इंजिनचे आहेत. वर सांगितलेलं सगळं सामान नीट लावलं तर एक लाख ऐंशीच्या खाली येत नाही. सोळा वर्षं लागतील वसूल व्हायला. गाडीच आता पंधरा वर्षांची होतेय.

जुन्या जीपवाल्यांचा हिशोब बसला कारण तेव्हा भावात दुपटीहून जास्त फरक होता आणि तो फरक सरकारने धरून ठेवला होता. पेट्रोलचे भाव २०१०च्या जूनमध्ये मोकळे झाले, डिझेलचे २०१४च्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून दरी भरत आली. २०१२-१३ला हाच प्रश्न विचारला असता तर मी थोडा विचारात पडलो असतो. आता पडत नाही. नव्या गाड्यांतही तेच झालं. एप्रिल २०२०ला बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले आणि ज्या कंपनीने तुमची गाडी बनवली तिनेच डिझेल बंद केलं. राज्यात नव्या डिझेल गाडीचा रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त ठेवला होता. वारं कुणीकडे आहे ते दिसतंच आहे.

मग करायचं काय? रनिंग एवढंच असेल तर आहे तीच गाडी नीट करा. तुमच्या मजकुरात एक ओळ होती, "पूर्वी अठरा द्यायची, आता चौदावर आलीय." मला वाटतं, खरा प्रश्न तिथे आहे. त्यातला थोडा वाटा पेट्रोलचाच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबात सहा-सात टक्के घट तिथेच होते. अठराचे सतरा त्यामुळे झाले असतील. चौदा त्यामुळे होत नाहीत. बाकीचं चाकांत शोधा. पावसाळ्यात काळी माती ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, सुकते आणि मागची चाकं कायम धरून राहतात. गाडी जॅकवर घ्या आणि चाक हाताने फिरवा. एका फेरीत थांबलं तर ॲव्हरेज तिथे गेलंय. मग हवा, प्लग, थ्रॉटल बॉडी, एअर फिल्टर. कापसाच्या हंगामात गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहत असेल तर रेडिएटरच्या जाळीवर तंतूचा थर बसतो. समोरून दिसत नाही, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे असतो. गेल्या डिसेंबरात एका गाडीतून अक्षरशः गादीत भरता येईल एवढा निघाला. त्याबरोबर २०११चे रबरी फ्युएल पाइप आणि वॉशर बदलून घ्या, इथेनॉल जुन्या रबराला कुरतडतं. हे सगळं सात-आठ हजारांत होतं.

रनिंग पुढे वाढणार असेल तर दोन वाटा. एक, ही गाडी विका आणि कारखान्यातूनच डिझेल आलेली जुनी गाडी घ्या. एक लाख ऐंशी आणि तुमच्या गाडीचे येतील ते, एवढ्यात पर्याय सापडतो, आणि तिचे कागद सरळ असतात. दुसरी वाट मंजूर सीएनजी किट, आरसीवर नोंदीसह. पण आधी तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का, रांग किती, भाव किती ते पाहा. नागपुरात २०२२मध्ये सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, हे विसरू नका. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, असते, डिकी जाते. आणि घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणाऱ्याच्या दारात तर उभंही राहू नका. शाळेच्या व्हॅनमध्ये ते करणारे लोक पाहिले की अंगावर काटा येतो.

घरच्या डिझेलच्या कॅनबद्दल एक शब्द. ट्रॅक्टरचं जुन्या पद्धतीचं इंजिन कॅनमधला गाळ, थोडं पाणी पचवून घेतं. कॉमन रेलचे इंजेक्टर ते पचवत नाहीत. गोठ्यातल्या कॅनमधून नरसाळ्याने भरलेल्या डिझेलवर एक इंजेक्टर गेला तर तुमची वर्षभराची बचत त्यातच जाते. म्हणजे ज्या सोयीसाठी हे करायचं म्हणता, ती सोय गाडीला मानवणारच नाही.

राहिला इसार. मिस्त्रीने अजून इंजिन आणलं नसेल तर उद्याच जा, आणलं की गोष्ट अवघड होईल. पैसे परत मागून वाईटपणा घेऊ नका. त्याला म्हणा, त्याच पैशात मागचे दोन्ही ड्रम उघड, साफ कर, ब्रेकचे लायनर घासले असतील तर बदल, आणि रेडिएटर उतरवून धू. काम चालू असताना तिथेच बसा, चाक स्वतः फिरवून पाहा.